डर्बनला नायडू भेटतील, तेलुगू भेटेलच असं नाही

तुमचा प्रश्न असा: सोलापूरच्या पूर्व भागातलं पद्मशाली घर, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. नोकरी दक्षिण आफ्रिकेत दोन ठिकाणी चालून आली आहे, डर्बन आणि केप टाउनजवळचं स्टेलनबॉश. आई म्हणतायत डर्बनच घे, तिथं आपली माणसं आहेत. आणि स्टेलनबॉशला आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून तिथंच घडलेली भाषा, शिकावी लागेल याची तुम्हाला धास्ती. मीही सोलापूरचाच, कन्ना चौकाजवळ वाढलेला. गेली अकरा वर्षं केप टाउनला आहे. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आईंचं म्हणणं चूक नाही, पण जुनं आहे. मद्रासहून निघालेलं ‘ट्रुरो’ जहाज 16 नोव्हेंबर 1860 ला डर्बनला लागलं आणि 1911 पर्यंत दीड लाखाहून जास्त गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, उसाच्या मळ्यांवर आले. मद्रासहून चढलेल्यांत तमिळ जास्त, पण तेलुगूही पुष्कळ. त्यांनी 1931 मध्ये आंध्र महासभा काढली. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत भाषांविषयी जे कलम 6 आहे, त्यात ज्या भाषांचा मान राखायचा त्या यादीत तेलुगूचं नाव आहे. (मराठीचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा लागलंच.)

पण घटनेत नाव असणं वेगळं आणि स्वयंपाकघरात भाषा असणं वेगळं. डर्बनच्या चॅट्सवर्थ भागात पहिल्यांदा गेलो तेव्हा एका दुकानाच्या पाटीवर नायडू वाचलं आणि उत्साहानं आत जाऊन कन्ना चौकातलं तेलुगू पाजळलं, “बागुन्नारा अंडी?”, म्हणजे बरे आहात ना? काउंटरवरचे काका हसले आणि इंग्रजीत म्हणाले, आमच्या आजीला यायचं हे. चौथी-पाचवी पिढी आहे ही. शाळा इंग्रजी, शेजार तमिळ-हिंदी-गुजराती असा सरमिसळ, मग घरातही इंग्रजीच आली. देवळं आहेत, उगादी आहे, कढीपत्ता बाजारात ढिगानं मिळतो. बोलणारं माणूस मात्र शोधावं लागतं. तेलुगू खरोखर बोलणारे म्हणजे अलीकडे हैदराबादकडून आलेले आयटीवाले, आणि ते बहुतेक जोहान्सबर्गच्या बाजूला. तुमच्या दोन्ही पर्यायांत ते शहर नाहीच!

आता आफ्रिकान्स. आकड्यांवर गेलात तर फसाल. आपल्या 2011 च्या जनगणनेत तेलुगू मातृभाषा असणारे आठ कोटींच्या वर, मराठीच्या जरासेच मागे. आफ्रिकान्सवाले त्याच साली इथं सत्तर लाखांच्या आतबाहेर. पण तेलुगूचे ते आठ कोटी आंध्र, तेलंगण, पुदुच्चेरीतलं यानम आणि आपल्या सोलापूर-सिरोंचासारख्या कडेच्या पट्ट्यांत आहेत. आफ्रिकान्सचे लाख थोडे, पण नकाशावर या देशाची सगळी पश्चिम बाजू त्यांचीच. नॉर्दर्न केपमध्ये निम्म्याहून जास्त घरांत, आमच्या वेस्टर्न केपमध्ये पाचांतल्या दोन घरांत तीच भाषा. सीमेपलीकडे नामिबियात 1990 साली तिचा सरकारी दर्जा गेला, तरी विंडहुकच्या रस्त्यावर ती आहेच. उलट डर्बनला तुम्हाला झुलू आणि इंग्रजी ऐकू येईल, आफ्रिकान्स क्वचित.

आणि ही फक्त गोऱ्यांची भाषा, असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इथले ‘कलर्ड’ म्हणवणारे मिश्र वंशाचे लोक जास्त आहेत. केपच्या मुसलमानांनी एकोणिसाव्या शतकात ती अरबी लिपीत लिहिली. पाया डच, पण ‘पुष्कळ’ला ‘बाय्या’ म्हणतात तो शब्द मलायमधून आला. डच कंपनीनं केपला आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरची माणसंही होती. म्हणजे तुमच्या पूर्वजांच्या मुलखाजवळची माणसं डर्बनच्या उसाआधी दीड-दोनशे वर्षं इकडे येऊन ही भाषा घडवत होती. केप टाउनला आपले कोकणी मुसलमानही आहेत, रत्नागिरीकडचे. एका म्हाताऱ्या चाचांशी मी अर्धं कोकणी, अर्धं आफ्रिकान्स असं बोलतो.

सगळ्यांनाच ती गोड लागते असं मात्र नाही. 16 जून 1976 ला सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती शाळेत आफ्रिकान्स लादली म्हणून, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. तेव्हा काळ्या सहकाऱ्याशी ‘मी आफ्रिकान्स शिकतोय’ असं कौतुकानं बोलायची घाई करू नका.

स्टेलनबॉशला ती आल्याशिवाय अडेल का? कामात नाही. अडतं ते कडेकडेनं. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत पहिली दहा मिनिटं इंग्रजी चालली, मग गाडी आफ्रिकान्सवर गेली ती परत आलीच नाही. मी मान डोलावत बसलो आणि सहलीचे पैसे भरायचे राहिले. इंग्रजी शाळेतही दुसरी भाषा म्हणून मुलांना इथं बहुधा आफ्रिकान्स येते, काही शाळांत खोसा. सहा महिने मन लावलंत तर जमेल. आपल्यासारखी तीन लिंगांची भानगड नाही, क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही. फक्त नकार दोनदा द्यायचा: “एक प्राट नी आफ्रिकान्स नी”, मला आफ्रिकान्स येत नाही. हे वाक्य आधी पाठ करा. आणि ‘ग’ घशातून, खाकरल्यासारखा.

माझं मत स्टेलनबॉश, पगार थोडा कमी असला तरी. आणखी एक, तुम्ही वर्क व्हिसावर असताना आईंना साधारण तीन महिन्यांचा व्हिजिटर व्हिसाच मिळेल, कायमचं येणं लगेच जमणार नाही. तेव्हा त्यांच्यासाठी शहर निवडू नका. पाडव्याच्या सुमारास त्यांना बोलवा आणि डर्बनचं विमान काढा, दोन तासांचा प्रवास आहे. उगादीला देवळात एखादी आजी भेटलीच, तर पुढचं त्या दोघी बघून घेतील.