लेखी ठराव नसला तरी तो बहिष्कारच

प्रश्न : माझ्या मुलाने गेल्या वर्षी दुसऱ्या जातीतील मुलीशी लग्न केले. तेव्हापासून गावकी आमची वर्गणी घेत नाही, शिमग्याला पालखी आमच्या अंगणात न येता पुढे गेली आणि चुलतभावांनीही येणे-जाणे थांबवले आहे. दंड भरा, म्हणजे विषय मिटेल, असे पंच तोंडी सांगतात. लेखी पुरावा नसताना तक्रार करता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : अवश्य करता येईल. वाळीत टाकल्याचा कागद कोणी हातात देत नाही. महाराष्ट्रात 3 जुलै 2017 पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात म्हणूनच कृतींची यादी दिली आहे. धार्मिक किंवा सामूहिक कार्यक्रमात सहभागी होण्यापासून अडवणे, सामाजिक संबंध तोडणे किंवा इतरांना तोडायला लावणे हे त्यात येते. त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कारावास, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि चिथावणी देणाराही सुटत नाही.

पंचांनी मागितलेला दंड मात्र भरू नका. सज्ञान मुलाने आपला जोडीदार निवडला, यात दंड भरण्याजोगे काहीही नाही, आणि एकदा पैसे दिले की पंचांना तो अधिकार आहे हे आपणच मान्य केल्यासारखे होते.

आजपासून एक वही घाला. वर्गणी कोणी, कधी, कोणासमोर नाकारली, दंडाचा निरोप कोणी आणला, हे तारखेसह लिहा आणि मोबाइलवरील संदेश पुसू नका. मागील वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या असतील तर त्या विशेष मोलाच्या आहेत, कारण यंदाची पावती का नाही, हा प्रश्न त्यांच्यामुळेच उभा राहतो. तक्रार आपण किंवा कुटुंबातील कोणीही पोलीस ठाण्यात किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करू शकता. अर्जाची पोच घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. आरोपपत्र दाखल झाल्यापासून 6 महिन्यांत खटला निकाली काढावा, अशी तरतूद आहे. सूनबाई अनुसूचित जाती किंवा जमातीच्या असल्यास 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. ते फिर्यादीतच नमूद करा.

तडजोडीची वाट बंद नाही, पण ती आपल्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीनेच होते. तशी वेळ आली तर पैशांची भाषा नको. पालखी अंगणात येईल आणि वर्गणी पावती देऊन घेतली जाईल, एवढेच मागा.

चुलतभावांची नावे आरोपींत घालण्याची घाई करू नका. पंचांच्या धाकाने जे गप्प बसले, तेच उद्या आपले साक्षीदार ठरू शकतात.