मला बोलता येते, पण लिहिता येत नाही

गेली बावीस वर्षे मी पुण्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे समुपदेशन करते आहे आणि दर वर्षी, प्रथम वर्षाच्या मुलांना पहिले लेखी काम मिळाले की, एक वाक्य हमखास कानी पडते : "मॅडम, मला सगळं कळतं, बोलताही येतं, पण लिहायला बसलं की हात थांबतो." ते सांगणारी मुले बार्शीची असतात, अहमदपूरची असतात, चिपळूणची असतात आणि कोथरूडचीही असतात. सोबत आलेले पालक बहुधा गुणपत्रिका पुढे करतात आणि म्हणतात, "दहावीला मराठीत ब्याण्णव होते हो हिला." या मुलांपैकी एकीची हकीकत मी येथे सांगणार आहे. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण सुवर्णा म्हणू.

सुवर्णा धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातून पुण्यात कला शाखेत शिकायला आली होती आणि सदाशिव पेठेत तीन मुलींबरोबर एका खोलीत कॉट बेसिसवर राहत होती. लेखनकौशल्याच्या तासाला सरांनी 'माझ्या परिसरातील एक काम' या विषयावर चार पाने लिहायला सांगितली होती. तिने लिहिलेल्या निबंधाचे पहिले वाक्य होते, "भारत हा खेड्यांचा देश आहे." पुढची साडेतीन पानेही त्याच चालीवर होती. सरांनी खाली एवढेच लिहिले होते : "यात तू कुठे आहेस?" दुसऱ्या वेळी तिने मजकूर चॅटजीपीटीकडून लिहून घेतला. त्यात एकही चूक नव्हती, आणि सरांनी त्याखालीही तोच प्रश्न लिहिला. मधल्या काळात वर्गात वाचून दाखवताना तिच्या तोंडून 'लई' हा शब्द निघून गेला होता, मागच्या बाकावर कोणीतरी हसले होते, आणि तेव्हापासून ती त्या तासाला बसेनाशी झाली होती.

ती माझ्याकडे आली ती विषय बदलून मिळेल का, हे विचारायला. सरांचा शेरा तिने अपमान म्हणून वाचला होता. मला तो शिक्षकाने विचारलेला अतिशय चांगला प्रश्न वाटला. पण हे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. दुखावलेल्या माणसाला दुसऱ्याचा चांगुलपणा समजावून सांगण्याची घाई करू नये, हे मी पहिल्या काही वर्षांत चुका करूनच शिकले आहे.

दुसऱ्या भेटीत मी विचारले, "तू हा निबंध कोणासाठी लिहिलास?"

"सरांसाठी."

"खेड्याविषयी सरांना काय माहीत नव्हतं?"

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. "सरांना सगळं माहीत असतं, मॅडम."

मला त्या उत्तरातच गाठ सापडली. दहा वर्षे आपण मुलांकडून फक्त अशाच माणसासाठी लिहून घेतो ज्याला उत्तर आधीच ठाऊक असते. त्याला नवे काही सांगायचे नसते, आपल्यालाही ते माहीत आहे एवढे दाखवायचे असते. ब्याण्णव गुण त्या दाखवण्याचे होते आणि ते तिने कष्टाने मिळवले होते, त्यात खोटे काही नाही. पण ज्याला सर्व माहीत आहे त्याला सांगण्यासारखे काहीच उरत नाही आणि मग पाठ केलेली वाक्ये तेवढी हाताशी येतात. ही मुले आळशी नसतात, त्यांची भाषाही कच्ची नसते. लिहिताना त्यांच्या समोर न जाणणारा माणूस कधी बसलेलाच नसतो.

असा माणूस तिच्यासमोर बसवायचा, एवढेच मी ठरवले होते. त्याची संधी मात्र तिच्या आईने दिली. चौथ्या भेटीला सुवर्णा एक डबा घेऊन आली. गावाकडून एसटीने निघालेल्या कोणाबरोबर आईने खवा पाठवला होता आणि तो स्वारगेटहून घेऊन ती थेट माझ्याकडे आली होती. भूमकडचा खवा प्रसिद्ध आहे आणि तिच्या घरी भट्टी होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. मी चव घेतली आणि छान आहे म्हणाले. ती म्हणाली, "नाही मॅडम, ह्यो जरा खाली लागलाय. आयला जाळ मागं घ्यायला उशीर झाला असंल."

मला त्यातले काहीही कळले नव्हते आणि मी तसे सांगितले. मग ती सांगू लागली. लोखंडी कढईत पाच लिटर दूध ओतले की जेमतेम किलोभर खवा हाती येतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत उलथणे थांबवायचे नाही. नुसते फिरवायचेही नाही, तळ खरवडत राहायचा. सांगताना तिचा उजवा हात माझ्या टेबलावर आपोआप गोल फिरत होता आणि दर वळणाला मनगट किंचित खाली दबत होते. दूध पातळ असताना उकळ्यांचा आवाज वेगळा आणि घट्ट होऊ लागले की वेगळा. "फदफद वाजायला लागलं की समजायचं, आता बोलत बसायचं नाही." मी तिच्या परवानगीने तिचे शब्द जसेच्या तसे उतरून घेत होते. जिथे मला कळले नाही तिथे मी थांबवले.

"जाळ मागं घ्यायचा म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे... मागं घ्यायचा!" तिला प्रश्नच कळेना. मग तिने खुर्ची सरकवली, जमिनीशी वाकली आणि हातांनी दाखवले : चुलीत सरकवलेली जळती लाकडे टोकाला धरून बाहेर ओढायची, निखारे तेवढे आत ठेवायचे आणि त्या धगीवर खवा कडा सोडेपर्यंत हलवत राहायचे. लाकडे ओढायला वेळ झाला तर तळ धरतो, आणि एकदा तळ धरला की तो वास सगळ्या खव्याला लागतो.

मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला. "हे मी बोलले?"

"हे तू लिहिलंस. हात फक्त माझा होता."

ती रडली, आणि मी तिला रडू दिले. त्या चार-पाच मिनिटांचे मोल मी आजवर केलेल्या कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त मानते, आणि त्या वेळी गप्प बसणे मला जमले याचे समाधान मला आजही आहे.

माझी स्वतःची समजूत या बाबतीत रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांच्या विचारांवर उभी आहे. १९३४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की माणूस मनातल्या मनात बोलतो ती भाषा अतिशय आटलेली असते, कारण विषय कोणता हे बोलणाऱ्याला ठाऊकच असते. उलट लेखनात ऐकणारा समोर नसतो, म्हणून तिथे सर्व काही पूर्ण उलगडून सांगावे लागते. 'जाळ मागे घेणे' हे तीन शब्द सुवर्णाच्या मनात पुरेसे होते, कारण त्यांच्या मागे धूर, आईचे मनगट आणि लहानपणापासूनच्या संध्याकाळी होत्या. तिचे विचार आटून खवा झालेले होते आणि वाचणाऱ्याला त्यामागचे दूध दाखवायला हवे होते. हे मी तिला याच शब्दांत सांगितले आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

भाषेच्या लाजेविषयी मात्र वेगळे बोलावे लागले. "मी 'लई' लिहिलं तर गुण जातील," हे तिचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते आणि मी ते उडवून लावले नाही. साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले लेखनविषयक नियम मी तिच्यापुढे ठेवले. त्यांतही पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालायची असेल तर ती उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. म्हणजे आईचे वाक्य आईच्या भाषेत आणि स्वतःचे निवेदन प्रमाण भाषेत, ही वाट तिला खुली होती. १८५५ मध्ये याच शहरात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला होता, हेही मी तिला सांगितले. मुक्ता तेव्हा सुवर्णापेक्षा लहान होती आणि तिने लिहिले ते आपल्या लोकांच्या, मांग-महारांच्या, भोगाविषयी.

जी मुले आणि जे पालक आज हीच काळजी घेऊन बसले आहेत, त्यांना मी काही गोष्टी आग्रहाने सांगते. लिहायला बसण्याआधी, ज्याला तुमच्या विषयातले काही माहीत नाही असा एक खरा माणूस नक्की करा. सुवर्णाने तिच्या खोलीतली रत्नागिरीची मुलगी निवडली, जिने भट्टी कधी पाहिली नव्हती. पहिला खर्डा लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ तपासू नका, कारण एकाच वेळी सांगणे आणि स्वतःला पकडणे कोणालाच साधत नाही. शुद्धलेखन महत्त्वाचे आहे, पण त्याची पाळी शेवटी येते. अगदीच अडले तर मोबाईलवर बोलून ध्वनिमुद्रित करा आणि मग उतरवा. खर्डा वाचून घेताना "कसं वाटलं?" असे विचारू नका, त्याचे उत्तर "छान" असेच येते; "कुठे कळलं नाही?" असे विचारा. चॅटजीपीटीला मी शत्रू मानत नाही, परंतु पहिला खर्डा त्याच्याकडून घेतला तर सांगण्याचे कामच तुमच्या हातून निसटते. पालकांनी वही तपासण्याऐवजी अर्धा तास ऐकणारे व्हावे. आणि मुलाला लहानपणापासून अक्षरांचा क्रम, लेखनाचा वेग किंवा वाचन यांत सातत्याने अडचण असेल, तर त्याला निष्काळजी ठरवण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि त्यानुसार परीक्षेत सवलतीही मिळतात.

सुवर्णाने तो लेख चार वेळा लिहिला. दुसऱ्या खर्ड्यात 'भारत हा खेड्यांचा देश आहे' पुन्हा डोकावले होते. ते तिने स्वतःच खोडले. तिसरा तिने आईला फोनवर वाचून दाखवला आणि आईने दुधाचे माप चुकल्याचे दाखवून दिले. सत्राच्या शेवटी सरांनी परत दिलेले कागद घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा तिसऱ्या पानावर समासात शेरा होता : "लाकडे ओढल्यावर कढईचा आवाज कसा बदलतो, ते अजून लिही." हा शेरा वाचून ती हिरमुसेल अशी मला धास्ती होती. तिने माझ्याकडे पेन मागितला, 'अजून' या शब्दाखाली रेघ ओढली आणि तिथेच बसून फोन लावला.

"आय, जाळ मागं घेतल्यावर कढई कशी वाजती गं?"