वाक्य पुरं होऊ दे

प्रिय मुली,

तुझं पत्र काल संध्याकाळी वाचलं, रात्री उठून पुन्हा वाचलं. भावाला जाऊन पाच आठवडे झाले. आत्या रोज येते, शेजारी बसते, पोथीतलं काहीबाही वाचून दाखवते, 'त्याची वेळ भरली होती' म्हणते. परवा ती बोलत असताना तू मधेच उठलीस आणि खोलीचं दार लावून घेतलंस. आता तिचं बोलणंही छळतंय आणि ते लावलेलं दारही. 'ज्यावर माझा विश्वासच नाही ते मी का ऐकून घेऊ?' असं विचारलंयस.

विश्वास ठेव, असं मी सांगणार नाही. माझा स्वतःचा किती आहे, हेच मला धड सांगता येत नाही. मी सांगतोय ते एवढंच, की समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दे. मग नाकार, भांड, हवं तर दार लावून घे. पण आधी पुरं होऊ दे.

माझी मुलगी गेली तेव्हा मी ३१ वर्षांचा होतो. तिसऱ्या रात्री एक वयस्कर गृहस्थ भेटायला आले. प्रवचनं करायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. माझ्यासमोर बसले, चष्मा काढला आणि बराच वेळ त्याची काडी उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "लोक तुला सांगतील, हे प्रारब्ध आहे. शास्त्रातही तसंच लिहिलंय. पण..." आणि मी म्हणालो, "काका, तुमचं शास्त्र तुमच्यापाशीच ठेवा."

ते रागावले नाहीत. थोडा वेळ तसेच बसले, मग उठले. चष्मा हातातच राहिला होता, त्यामुळे दाराशी पायाने चपला चाचपत होते. मी बघत होतो. उठलो नाही. पुढच्या वर्षी ते गेले, आणि तोवर मी एकदाही त्यांच्याकडे गेलो नाही.

त्या 'पण'च्या पुढे काय होतं, हे मला आजतागायत माहीत नाही. तेच ते, शंभरदा ऐकलेलं काहीतरी असेल कदाचित. ऐकलं असतं तर महिन्याभरात विसरूनही गेलो असतो. पण ऐकलं नाही, म्हणून ते वाक्य मीच पुरं करत बसलोय, कधी एका तऱ्हेने, कधी दुसऱ्या. म्हातारपणी झोप कमी झाली की असल्या वाक्यांना फार वेळ मिळतो.

हेही सांगतो, की माझी चीड खोटी नव्हती. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याआधी आलेल्या एकाने मुलीच्या पत्रिकेतले ग्रह काढले होते, दुसऱ्याने 'आणखी एक होईल' म्हटलं होतं. त्यांना मी एक अक्षर बोललो नाही. जो माणूस 'पण' म्हणायला आला होता, त्याच्यावर सगळं निघालं. घर माणसांनी भरलेलं होतं, कुणी तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून थांब म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही. म्हणून मी तुला म्हणतोय.

तू गीता वाचली आहेस, तेव्हा आठवून बघ. उपदेश खऱ्या अर्थाने सुरू होतो तो दुसऱ्या अध्यायाच्या ११व्या श्लोकात, आणि पहिलंच वाक्य असं, की ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोयस. समोर आजोबा उभे, गुरू उभे, हातातून धनुष्य गळून पडलेलं, आणि ऐकायला हे! तुझ्या आत्याच्या वाक्याहून ते कोरडं आहे. अर्जुन तिथेच रथातून उतरून चालता झाला असता, तर मी तरी त्याला नावं ठेवली नसती. तो थांबला. मुकाट्याने नव्हे. तिसऱ्या अध्यायाच्या तोंडालाच तक्रार करतो, की तुझ्या सरमिसळ बोलण्याने माझी बुद्धी गोंधळतेय, एक काय ते नक्की सांग. आणि अठराव्या अध्यायातला ६३वा श्लोक? 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु.' सगळ्याचा नीट विचार कर, काही शिल्लक न ठेवता, मग तुला वाटेल तसं कर. लोकांना 'यथेच्छसि' आवडतं. मी 'अशेषेण'ला धरून बसलोय. शिल्लक ठेवू नकोस गं.

बायबलमधला ईयोबही बघ. मुलं गेली, होतं नव्हतं ते गेलं, सर्वांगाला फोड आले. तिघे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मग बोलायला लागले आणि त्याचंच पाप शोधू लागले. ईयोबाने त्यांना ऐकून घेतलं, पाळीपाळीने उत्तरं दिली, तुमच्या सांत्वनाने त्रासच होतो असं तोंडावर सांगितलं. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ऐकून घेणं म्हणजे मान तुकवणं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

मान डोलावू नकोस, उगाच हो म्हणू नकोस. 'आत्या, हे मला पटत नाही, पण तू बोल,' एवढं म्हणता येतं. आणि ती बोलत असताना मनात उत्तर जुळवत बसू नकोस, मी जन्मभर तेच केलं. जो तुझ्या भावाच्या मरणाचा दोष तुझ्या घरातल्या कुणावर टाकेल, किंवा शांती करायला पैसे मागेल, त्याला मात्र खुशाल वाटेला लाव. आत्या त्यातली नाही, हे तुझ्याच पत्रात दिसतंय. तू लिहिलंयस की वाचताना ती एकच ओळ दोनदा वाचते आणि तिला ते कळतही नाही. तू ते चिडून लिहिलंयस. मी वाचलं आणि माझा हात थांबला. अगं, तिचाही भाचा गेलाय. त्या घरात नुसतं बसायचं कसं, हे तिला कळत नसेल, म्हणून पोथी उघडत असेल.

उद्या ती पुन्हा येईल. दार उघडं ठेव. ती बोलता बोलता थांबली तर 'पुढे?' एवढंच विचार, आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू दे. मग ती काय म्हणाली ते मला कळव. थोडक्यात नको, सगळं लिही.

तुझा,
काका