वाचकांचे प्रश्न : जोडकॅमेऱ्याने घुसखोर वस्तू कशी ओळखावी?

प्रश्न : यंत्राभोवतीच्या मोकळ्या जागेत कोणी शिरले तर कळावे म्हणून एक कॅमेरा लावला आहे. सावली हलली किंवा दिवा लागला तरी भोंगा वाजतो. दोन कॅमेरे लावून हे थांबेल का? ते एकमेकांपासून किती लांब असावेत?

उत्तर : बहुतांशी थांबेल. एकटा कॅमेरा उजेडातला बदल टिपतो, जोडी अंतर मोजते. फरशीवरची सावली फरशीच्याच अंतरावर असते, म्हणून ती आपोआप गळते.

एकच बिंदू डाव्या आणि उजव्या चित्रात जितके पिक्सेल सरकलेला दिसतो, ती डिस्पॅरिटी. लेन्सची पिक्सेलमध्ये मोजलेली फोकल लांबी (लेन्स ते चित्र उमटणारी चकती हे अंतर) गुणिले दोन कॅमेऱ्यांमधले अंतर, भागिले डिस्पॅरिटी, म्हणजे वस्तूचे अंतर. फोकल लांबी ८०० पिक्सेल आणि कॅमेरे १२ सेंमीवर असतील, तर ४ मीटरवर डिस्पॅरिटी २४ पिक्सेल येते आणि ८ मीटरवर १२. दोन्ही चित्रांतला तोच बिंदू शोधण्यात, म्हणजे जुळणीत, पाव पिक्सेल इकडेतिकडे झाला, तर ४ मीटरवर सुमारे ४ सेंमी, ८ मीटरवर १७ आणि १६ मीटरवर ६७ सेंमी चूक पडते. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते. कॅमेरे २४ सेंमीवर नेले तर ती निम्मी होईल, पण जवळचा आंधळा पट्टा (जिथले अंतर मोजताच येत नाही तो) दुप्पट होईल : १२८ पिक्सेल डिस्पॅरिटीपर्यंतच शोध घेत असाल तर ७५ सेंमीऐवजी दीड मीटर. त्यामुळे आधी सर्वांत लांबच्या कोपऱ्यात किती चूक चालेल ते ठरवा, मग दोन्ही कॅमेरे बसवायची पट्टी कापा. पट्टी जाड अॲल्युमिनियमची घ्या. ती किंचित वाकली तरी कॅलिब्रेशन, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्यांची स्थिती मोजून केलेली जुळवणी, बिघडते.

प्रश्न : माणूस उभा असताना अंतर बरोबर येते, चालू लागला की अर्ध्या मीटरपर्यंत चुकते. कॅलिब्रेशन पुन्हा केले, तरी तेच.

उत्तर : कॅलिब्रेशनला हात लावू नका. तिथे दोष असता तर उभ्या माणसाचे अंतरही चुकले असते. तुमचे दोन कॅमेरे एकाच क्षणी चित्र घेत नाहीत. वरचेच आकडे धरा : ४ मीटरवर सेकंदाला दीड मीटर वेगाने आडवा जाणारा माणूस चित्रात सेकंदाला ३०० पिक्सेल सरकतो. उजवा कॅमेरा १० मिलिसेकंद मागे असला की ३ पिक्सेलचा घोळ झाला. डिस्पॅरिटी २४ ऐवजी २१ किंवा २७ येते आणि माणूस ४.५७ किंवा ३.५६ मीटरवर दिसतो.

खात्री करणे सोपे आहे. माणसाला त्याच रेषेवरून आधी डावीकडून उजवीकडे आणि मग उलट चालवा. एका फेरीत तो लांब आणि दुसरीत जवळ दिसला, तर दोष वेळेचाच. सुट्टे यूएसबी वेबकॅम आपापल्या तालावर चालतात. सेकंदाला ३० फ्रेम असताना सर्वांत जवळच्या फ्रेमांची जोडी लावली तरी सुमारे १७ मिलिसेकंदांपर्यंत फरक राहतो. ट्रिगर पिन (बाहेरून ‘आता चित्र घे’ हा इशारा घेणारी) असलेले ग्लोबल शटर, म्हणजे सगळे चित्र एकाच क्षणी टिपणारे, कॅमेरे घ्या, दोघांना एकाच तारेवरून इशारा द्या. एक्स्पोजर दोन्हीकडे सारखे आणि ५ मिलिसेकंदांच्या आत बांधून ठेवा, ऑटोवर सोडू नका.

प्रश्न : रिकाम्या जागेचे अंतर साठवून त्यातून आताचे अंतर वजा करतो. लांबची भिंत सतत खोटे इशारे देते, चकचकीत फरशीवर भोके (अंतर न मिळालेल्या जागा) पडतात.

उत्तर : मीटर वजा करता, तिथेच गडबड आहे. डिस्पॅरिटी वजा करा. मीटरमधली चूक अंतरागणिक फुगते, डिस्पॅरिटीमधली साधारण सारखी राहते, म्हणून सगळ्या चित्राला एकच उंबरठा पुरतो. (ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधली सेमी-ग्लोबल जुळणी ही पद्धत वापरत असाल तर पूर्णांकी उत्तराला १६ ने भागायचे असते. हे विसरल्यावर येणारे आकडे पाहून लोक लेन्सला दोष देतात.)

जागा रिकामी असताना २०० फ्रेम घ्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक साठवा. उंबरठा दीड पिक्सेलपासून सुरू करा. मात्र ८ मीटरवरच्या भिंतीपासून सुमारे ८९ सेंमीच्या आत उभा असलेला माणूस या उंबरठ्यात सापडत नाही. उपाय कॅमेरा बसवण्यात आहे : तो उंचावर, खाली झुकवून लावा, म्हणजे भिंतीऐवजी फरशी पार्श्वभूमी होईल.

ओल्या किंवा चकचकीत फरशीतले प्रतिबिंब फरशीच्या खाली, म्हणजे पार्श्वभूमीपेक्षा लांब दिसते. त्यामुळे फक्त पार्श्वभूमीपेक्षा जवळ आलेले पिक्सेल मोजा. त्या पिक्सेलांना फरशीच्या प्रतलावर उतरवा, ५ सेंमीच्या चौकटी करा, फरशीपासून ३० सेंमीपेक्षा उंच असलेलेच गट ठेवा आणि पाचपैकी तीन फ्रेममध्ये टिकले तर भोंगा वाजवा. गटाचा आकार पिक्सेलमध्ये तपासू नका : ४ मीटरवर एक पिक्सेल अर्धा सेंमी व्यापतो, ८ मीटरवर एक सेंमी.

भोकांचे काय? बहुतेक जण तिथे शून्य भरतात आणि ती जागा मोकळी समजतात. माझ्या मते या कामातली हीच सर्वांत धोक्याची सवय आहे. एकरंगी कपडे घातलेला माणूस कोऱ्या भिंतीपुढे आला तर त्याच्या जागी भोकच दिसते. मोकळे, अडलेले आणि ‘माहीत नाही’ अशा तीन अवस्था ठेवा. एरवी नीट मोजला जाणारा भाग अचानक ‘माहीत नाही’ झाला, तर तोही इशाराच. कोऱ्या भिंतीवर इन्फ्रारेड ठिपके टाकणारा प्रोजेक्टर लावला की जुळणी सुधारते. कॅमेऱ्यांच्या रेषेला समांतर आडवा पाइप निसटत असेल तर पट्टी १५ अंश तिरपी बसवा.

प्रश्न : मग यंत्राचे कुंपण काढून टाकू का?

उत्तर : नाही. साधा कॅमेरा आणि साधा संगणक मिळून प्रमाणित सुरक्षा उपकरण होत नाही. शिवाय वेळ मोजा : प्रक्रियेला ७० मिलिसेकंद, सेकंदाला १५ फ्रेम धरून तीन फ्रेमला २००, यंत्र थांबायला ३००, एकूण ५७०. आयएसओ १३८५५ या यंत्रसुरक्षेच्या मानकात चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिमी धरतात, म्हणजे एवढ्या वेळात तो ९१ सेंमी आत येतो. मानकातली जादा भर वेगळीच. कुंपण किंवा प्रकाशपडदा (किरण अडला की यंत्र थांबवणारे उपकरण) राहू द्या, कॅमेरे त्याच्या जोडीला.

प्रश्न : रात्री किडे लेन्सपुढे येतात.

उत्तर : इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून मीटरभर दूर लावा. लेन्सलगतचा किडा सहसा एकाच कॅमेऱ्यात दिसतो आणि डावी-उजवी उलटतपासणी (डावीकडून उजवीकडे आणि उलट केलेली जुळणी एकच येते का ते पाहणे) १ पिक्सेलवर ठेवली की गळतो. कोळ्याचे जाळे मात्र पुसावेच लागते.