वाचक विचारतात : आधी पडायला शिका

प्रश्न : मुलगा चार वर्षं तालमीत जातोय. यंदा ज्युदोला घातला, तर महिना झाला तरी तिथं नुसतं पडायलाच शिकवतात. वस्ताद हसतात, ‘पडणारा कसला पैलवान!’ हा वेळकाढूपणा नाही ना? – एक पालक, निपाणी

उत्तर : नाही, शिक्षक जाणता दिसतो. वस्तादांचंही चुकलं नाही. कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं. पण ज्युदोत एकाला डाव बसावा म्हणून दुसऱ्याला शंभर वेळा पडावं लागतं, तेही जेमतेम ४ सेंटिमीटरच्या गादीवर.

गुंजी कोइझुमी या जपानी गुरूंनी २६ जानेवारी १९१८ रोजी लंडनमध्ये ‘बुडोक्वाय’ ही शाळा उघडली. त्याआधी तिथं जुजुत्सू, म्हणजे ज्युदो जिच्यातून निघाला ती जुनी जपानी झुंजविद्या, हा बहुतेक नाट्यगृहातला खेळ. युकिओ तानी रंगमंचावरून पैलवानांना आव्हान द्यायचे. कोइझुमींनी त्याच तानींना शिकवायला बसवलं. १९२०मध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो लंडनला आले, तेव्हा या दोघांनी जुजुत्सू सोडून ज्युदो धरला आणि कानोंनी त्यांना ‘दुसरा दान’, म्हणजे काळ्या पट्ट्यातली दुसरी पायरी, दिली.

कानोंचं सूत्र होतं ‘जिता क्योएई’, म्हणजे आपलं आणि समोरच्याचं भलं एकत्रच. गादीवर त्याचा अर्थ रोकडा आहे : टाकणाऱ्यानं जोडीदाराची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, तो टेकताना ती वर ओढायची. पडणाऱ्यानं आपलं काम चोख करायचं.

ते काम असं. उकिडवं बसा, हात समोर, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर. ढुंगण टाचांजवळ टेकवून पाठ गोल ठेवत मागं लवंडा. पाठ लागते त्याच क्षणी श्वास सोडत दोन्ही हात अंगापासून ३०-४५ अंशांवर, तळवे खाली करून, आपटा. रोज वीस पुरेत. हनुवटी सुटली की डोकं आपटतं. हात खांद्याच्या रेषेत गेले की खांदा दुखावतो.

तालमीतल्या पोराचं फसतं ते वेगळ्याच ठिकाणी. चीत होऊ नये म्हणून तो हवेतच वळतो आणि हात टेकतो. मग मनगट, कोपर नाहीतर गळ्याजवळचं हाड जातं. पूल बांधून, म्हणजे डोकं आणि टाचांवर कमान करून, वाचू म्हणावं, तर ज्युदोत तेही पूर्ण पडणंच धरतात. मानेला धोका तो वेगळाच. ही चार वर्षांची सवय मोडायला महिना कमीच पडेल.

प्रश्न : गादी नाही. तालमीच्या तांबड्या मातीत सराव चालेल का? – खानापूर

उत्तर : बसून मागं पडण्यापुरता चालेल. माती आधी वीतभर खणून खडे वेचा. आपल्याकडच्या पावसात ती ओल धरून घट्ट बसते, तेव्हा नको. मऊ मातीत हात रुततो, त्यामुळे थाप नेमक्या वेळी पडली की उशिरा, हे कळत नाही. उभ्यानं फेकाफेक गादीवरच.

प्रश्न : असा कुणी जपानी गुरू भारतात आला होता का? – शहापूर, बेळगाव

उत्तर : हो. रवींद्रनाथ ठाकुरांच्या बोलावण्यावरून शिन्झो ताकागाकी १९२९मध्ये शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आले. त्यांच्याही आधी, १९०५मध्ये, जिन्नोसुके सानो तिथं आले होते. ताकागाकींच्या वर्गात मुलीही होत्या, हे मुलींना ज्युदोला धाडताना कचरणाऱ्या घरांना सांगा.