जुन्या छापील पानाच्या तळाशी आधी बघा

मुद्रणावरच्या सरकारी नियंत्रणाचा अभ्यास सुरू करताय, तर १८७८च्या देशी वृत्तपत्र कायद्यापासून (देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधनं घालणारा कायदा) सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात आणि मग ही दडपशाही अचानक उगवल्यासारखी वाटते. आधी १७९९कडे जा. ब्रिटिश गव्हर्नर जनरल वेलस्लीने नियम काढले: छापणाऱ्याचं नाव अंकाच्या तळाशी हवं, संपादक-मालकांची नावं-पत्ते सरकारी सचिवाकडे हवेत, रविवारी अंक नको आणि सचिवाने तपासल्याशिवाय प्रसिद्धी नाही. मोडलं तर थेट युरोपला रवानगी!

ही शिक्षा नीट समजून घ्या. ती युरोपीय संपादकांसाठी होती. इथे जन्मलेल्या संपादकाला कुठे पाठवणार? पूर्वतपासणी १८१८मध्ये उठली, पण १८२३मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल ॲडमने परवान्याची सक्ती आणली. त्या अटी अपमानास्पद म्हणून राममोहन रॉय यांनी आपलं फारसी वृत्तपत्र 'मिरात-उल-अखबार' बंद केलं. माझ्या मते या इतिहासातली ही सर्वांत बोलकी कृती आहे.

१८३५मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफने परवान्याची सक्ती उठवली, १८५७मध्ये ती वर्षभरासाठी परत आली.

१८६७चा मुद्रणालय आणि पुस्तक नोंदणी कायदा मात्र सावकाश वाचा. पुस्तकावर मुद्रक आणि छपाईचं ठिकाण छापणं, सरकारकडे प्रत देणं आणि त्यातून तयार होणाऱ्या तिमाही याद्या. नजर ठेवायला केलेल्या या याद्या आज मराठी पुस्तकांच्या शोधात फार उपयोगी पडतात. हाती येईल त्या जुन्या पुस्तकावरची मुद्रकाची ओळ वहीत उतरवून घ्या आणि त्या वर्षाच्या यादीशी ताडून बघा.