बैलाला सोडा चालतो, मग मला का नाही?

पोळा झाला की आमच्याकडे पत्रांचा ढीग लागतो, दरवर्षीचं आहे हे. मी गुरांची डॉक्टर, माणसांबद्दलचे प्रश्न आले की माझी शाळेपासूनची मैत्रीण जळगावला फिजिशियन आहे तिला विचारून, तिच्याकडून तपासून घेऊनच उत्तर लिहिते. यावेळी पहिलंच पत्र असं आलं की त्यात माणूस आणि बैल दोघांची पोटं एकत्र आली, म्हणून ते आधी घेते.

प्रश्न (अमळनेर तालुका): ताई, पोळ्याला बैलाला घरच्यांनी, गल्लीतल्यांनी मिळून पंधरा-वीस पुरणपोळ्या चारल्या, वर गव्हाचं घमेलं पण ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणे, "आपला बैल काहीच खाई नही राहिना." रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस वास. शेजारच्या अण्णांनी खायचा सोडा पाजला, पण दोन दिवसांनी डॉक्टरांनी सलाईन लावलं तेव्हा कुठे उठला. आता थोडा लंगडतोय. दुसरं म्हणजे मलाही अ‍ॅसिडिटी आहे, मी पण रोज चमचाभर सोडा घेतो. घरात यावरून भांडण होतं. बैलाला चालतो मग मला का नाही?

उत्तर: भाऊ, बैल उठला हे वाचून खरंच जीव भांड्यात पडला. माझ्या माहेरी मी सहावीत असताना पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी आमचा एक बैल गेला, याच कारणाने, आणि तेव्हा सगळे म्हणाले दृष्ट लागली. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

बैलाच्या पोटाला चार कप्पे. पहिला सगळ्यात मोठा, शंभर लिटरच्या वर माल मावतो त्यात, आणि तिथे बैल स्वतः काही पचवत नाही, तिथले कोट्यवधी जंतू पचवतात. कडबा, गवत, धांडे हे सगळं ते जंतू सावकाश आंबवतात आणि त्यातून जे तयार होतं त्यावर बैल जगतो. या जंतूंना जास्त आंबट चालत नाही. आता आंबवण होतंय म्हटल्यावर आम्ल तर तयार होणारच, मग ते मारायचं कसं, तर बैल स्वतःच सोडा बनवतो! त्याच्या लाळेत सोडाच असतो, आणि दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ तो गिळतो. पण ती लाळ सुटते कधी, तर कोरडा चारा चावताना आणि बसून सहा-आठ तास रवंथ करताना.

पुरणपोळी चावावीच लागत नाही. गूळ, मैदा, शिजलेली डाळ, सरळ आत. गहू पण तसाच. म्हणजे लाळ कमी आणि पटकन आंबणारा माल जास्त, मग त्या कप्प्यात दही लागतं तसं लॅक्टिक आम्ल भराभर वाढतं, चांगले जंतू मरतात, पोट हलायचं थांबतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं म्हणून डोळे खोल जातात आणि शेण पातळ होतं. हेच आम्ल रक्तात गेलं की खुरांच्या आतला भाग सुजतो. तुमचा बैल लंगडतोय तो त्यामुळे असण्याची शक्यता खूप आहे, मोच आली समजून चोळत बसू नका, डॉक्टरांना परत दाखवा आणि तोवर औताला जुंपू नका.

अण्णांनी सोडा दिला त्यात विचार चुकीचा नव्हता, आम्ही पण आम्ल मारायचंच औषध देतो, पण किती द्यायचं ते जनावराचं वजन आणि त्रास बघून ठरतं. आणि पाजण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे, बैल बसलेला असताना, मान वर ताणून, जीभ बाहेर ओढून बांबूच्या नळीने पाजलं तर ते फुप्फुसात जातं आणि मग पोटाने नाही, त्या ठसक्याने जनावर जातं. मी हे फार वेळा बघितलंय. असं झालं की धान्य, ढेप बंद, फक्त कोरडा कडबा पुढे टाका, पाणी एकदम बादल्या भरून पाजू नका आणि १९६२ ला फोन लावा, जनावरांसाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. डाव्या भकाळीवर (बरगड्यांच्या मागे असलेल्या खोलगट भागावर) मूठ ठेवून बघा, चांगल्या बैलाचं पोट मिनिटाला एक-दोन वेळा मुठीला ढकलतं. ढकलत नसेल तर संध्याकाळची वाट बघू नका. भकाळी ढोलासारखी फुगली असेल आणि श्वास लागला असेल तर अर्धा तास पण थांबायचं नाही.

पुढच्या पोळ्याला पूजा करा, झूल घाला, शिंगं रंगवा, नैवेद्याची एक पोळी खाऊ द्या, मी कोणाला नाही म्हणणार नाही. फक्त आधी पोटभर कडबा घाला आणि गल्लीतल्या प्रत्येकाने आपापली पोळी भरवायची नाही हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

आता तुमचा सोडा. भाऊ, तुमच्या पोटाचं उलटं आहे. माणसाचं जठर आंबटच असायला पाहिजे, त्या आम्लाने अन्नातले जंतू मरतात आणि डाळीतलं प्रथिन पचायला लागतं. (बैलाचा चौथा कप्पा तुमच्यासारखाच आंबट असतो, पण तो शेवटी.) सोडा घेतला की आम्लाशी मिळून गॅस होतो, ढेकर येतो, दहा मिनिटं बरं वाटतं. पण एका चमचा सोड्यात १२०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभरात सगळं मिळून २००० च्या आत ठेवा. बीपी असेल, किडनीचा त्रास असेल तर हे सरळ नुकसान आहे. रोज सोडा लागतोय म्हणजे आत काहीतरी आहे, ते शोधायला पाहिजे. घरच्या ताई बरोबर भांडताहेत.

प्रश्न (भुसावळ): रेल्वेत आहे, वय ४९, रात्रपाळी असते. ड्युटी संपली की शेवभाजी, भाकरी खाऊन लगेच झोपतो. दोन वर्षं झाली पॅन्टोची (अ‍ॅसिड कमी करायची) गोळी रोज घेतोय, मेडिकलवरून. जेवण झाल्यावर घेतो. जळजळ आहे तशीच.

उत्तर: पहिली गोष्ट, ती गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, जेवल्यावर घेऊन तिचा पुरता उपयोग होत नाही. दुसरी, दोन वर्षं स्वतःच्या मनाने घ्यायची ती गोळी नाही, लांबलचक घेतली तर बी१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. पण एकदम पण बंद करू नका, जळजळ उसळून येते, डॉक्टरांशी बोलून कमी करा.

जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, रात्रपाळीत हे कठीण आहे मला कळतं, तर मुख्य जेवण ड्युटीच्या आधी करा आणि नंतर हलकं काहीतरी, दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी आणि ताक असं. शेवभाजी सुटीच्या दिवशी दुपारी खा ना, तिला कायमची सोडा असं मी खान्देशात बसून सांगणार नाही, पण तर्री आणि तळलेली शेव पोटात जास्त वेळ थांबते आणि आडवं झालं की वर येते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, नुसत्या उश्या वाढवून काही होत नाही.

आणि एक टेस्ट विचारा डॉक्टरांना, एच. पायलोरी नावाच्या जंतूची. आधी सगळे समजायचे की अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक वेळा हा जंतू असतो, मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जंतू निघाला तर साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी जातो. टेस्टच्या आधी दोन आठवडे तुमची ती गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर रिपोर्ट खोटा चांगला येतो, त्यामुळे कधी बंद करायची ते डॉक्टरांनाच विचारा.

शौचाला डांबरासारखं काळं होणं, गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, यातलं एक जरी असेल तर लगेच जा. आणि माझी मैत्रीण म्हणे हे ठळक लिही, छातीत जळजळ आणि सोबत घाम, जबडा किंवा हात दुखणं, धाप, असं झालं तर ती अ‍ॅसिडिटी समजून गोळी घेऊन झोपायचं नाही, १०८ ला फोन.

प्रश्न (शिरपूर तालुका): ज्वारी कापल्यावर परत फुटवे आले होते, त्यात दोन गायी सोडल्या. एक अर्ध्या तासात तोंडाला फेस येऊन मेली. घरचे म्हणतात शेजाऱ्याने विष घातलं. त्यांच्याशी बोलणं बंद आहे.

उत्तर: पत्रावरून शंभर टक्के मी सांगू शकत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेशी तंतोतंत जुळतं. कोवळ्या ज्वारीत, खासकरून कापल्यावर आलेल्या फुटव्यात आणि पाण्याचा ताण पडलेल्या पिकात, असं एक द्रव्य असतं की ज्यातून सायनाइड सुटतं. आणि गायीच्या पहिल्या कप्प्यातले तेच जंतू, जे एरवी तिला जगवतात, ते हे सायनाइड फार लवकर मोकळं करतात, म्हणून घोड्यापेक्षा गायीला धोका जास्त. रक्तात ऑक्सिजन असतो पण शरीराला तो वापरताच येत नाही, म्हणून डोळ्यांची आतली बाजू लालभडक दिसते. शिरेतून द्यायचं औषध आहे, सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट, पण मिनिटांचा खेळ असतो.

ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय हिरवी चारू नका, फुटवे तर मुळीच नाही. कापून नीट वाळवली की विष बरंच उडून जातं, कडबा खायला हरकत नाही. आपल्या भाकरीच्या पिकलेल्या दाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, फक्त ज्वारीला मोड आणून कच्चे खाऊ नका, त्या कोंबात ते द्रव्य असतं. परत असं झालं तर शवविच्छेदन करून पोटातला नमुना तपासायला द्या, म्हणजे घरच्यांना कागदावर दाखवता येईल. तोवर शेजाऱ्यांना निदान एवढं सांगून या की तुमची पण जनावरं फुटव्यात सोडू नका.

प्रश्न (नंदुरबार): दीड वर्षाच्या मुलीला जुलाब झाले की सासूबाई खाणं-पिणं बंद करतात, म्हणतात पोटाला आराम. गोठ्यात वासराला पण हगवण आहे, त्याचं पण दूध तोडलंय.

उत्तर: ताई, दोघांचं पण तोडू नका. जुलाबात मूल उपाशी राहून नाही, तर अंगातलं पाणी आणि मीठ जाऊन दगावतं. आतड्यात साखर आणि मीठ बरोबर गेलं की ते पाणी ओढून घेतात, जुलाब चालू असताना सुद्धा, सगळं ओआरएस (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी) या एका गोष्टीवर उभं आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून लोक वाचवले. ओआरएसची पुडी आणा, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी एकदम मिसळा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा म्हणजे चहाचा. घोट-घोट पाजा, ओकली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध, मऊ भात, वरण चालू ठेवा. सोबत झिंक, २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, आरोग्य केंद्रात मिळतं. मूल सुस्त पडलं, लघवी होत नाही, शौचात रक्त, तर घरी थांबायचं नाही.

वासराला पण तसंच, दूध थोडं-थोडं चालू ठेवा आणि दोन दुधांच्या मधल्या वेळेत क्षारांचं पाणी, प्रमाण गुरांच्या डॉक्टरांकडून घ्या. पुढचं वासरू जन्मलं की पहिल्या दोन तासांत चीक पाजा, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा दिवसभरात गेला पाहिजे, कारण चिकातली रोगाशी लढायची ताकद वासराच्या आतड्यातून आत जायचा रस्ता चोवीस तासांत बंद होतो. खरवस उरलेल्या चिकाचा करा.

प्रश्न (रावेर): घरची केळी आहेत, रात्री केळं खाल्लं की पचत नाही असं म्हणतात, खरं का?

उत्तर: पिकलेलं केळं रात्री पण पचतं. कच्चट असेल तर त्यातला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवतात आणि काहींना गॅस होतो, तेवढंच. डायबेटिस असेल तर किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.